घरातील प्रार्थना: रोजच्या धावपळीत ती कशी रुजवावी

ख्रिस्ती घरांत कौटुंबिक प्रार्थना बहुधा नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात किंवा ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाच्या आरंभी मोठ्या उत्साहाने सुरू होते आणि पुढे मुलांच्या परीक्षा, पाहुणे, कामाच्या पाळ्या यांच्या गर्दीत हळूहळू बंद पडते. श्रद्धा उणी पडली म्हणून असे क्वचितच होते. बहुतेक वेळा सुरुवातच इतकी मोठी केलेली असते की ती साध्या दिवशी पेलत नाही: दोन गीते, संपूर्ण अध्यायाचे वाचन, वडिलांचे विवेचन आणि मग प्रत्येकाची लांब प्रार्थना. म्हणून पहिली सूचना अशी की, घरातील सर्वांत दमलेल्या माणसाला सर्वांत वाईट दिवशीही जेवढे जमेल, तेवढेच ठरवावे. दहा मिनिटे पुष्कळ झाली. लहान मुले असतील तर पाचही पुरेत.

वेळ निवडताना घड्याळापेक्षा घराच्या रीतीकडे पाहावे. बायबलमधील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात इस्राएलाला सांगितले आहे की, देवाच्या आज्ञा मुलांच्या मनावर बिंबवाव्यात आणि घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना व उठताना त्यांविषयी बोलत जावे. यातली एकही वेळ मुद्दाम काढलेली नाही. हे सारे क्षण प्रत्येक घरात आधीपासूनच असतात. ज्या घरात रात्रीचे जेवण सर्वजण एकत्र घेतात, तेथे ताटे उचलण्यापूर्वीची वेळ उत्तम. ज्या घरात कोणी रात्रपाळीला जाते, तेथे त्या माणसाने घराबाहेर पाऊल टाकण्यापूर्वीची दोन मिनिटे हीच त्या घराची उपासना असू शकते. एकदा वेळ ठरली की किमान महिनाभर ती बदलू नये, आणि एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी त्याची भरपाई म्हणून दुप्पट प्रार्थना करू नये. चुकलेला दिवस देवाच्या हाती सोपवावा व नेहमीप्रमाणे बसावे.

प्रार्थनेचा क्रम रोज सारखा ठेवल्याने मुलांना आणि वृद्धांना आधार वाटतो. एक साधा क्रम असा: पवित्र शास्त्रातील एक लहान उतारा मोठ्याने वाचावा, अर्धा मिनिट सर्वांनी शांत राहावे, प्रत्येकाने त्या दिवसातील एका गोष्टीबद्दल देवाची उपकारस्तुती करावी, एका व्यक्तीसाठी विनंती करावी आणि शेवटी सर्वांनी मिळून येशूने शिकवलेली प्रभूची प्रार्थना म्हणावी. शांततेचा अर्धा मिनिट गाळू नये. आपण बोलत राहतो आणि देवाने ऐकत राहावे अशी आपली अपेक्षा असते. मुलांना हे लहानपणीच कळले पाहिजे की प्रार्थनेत आपणही ऐकायचे असते.

वाचनासाठी येशूचे चरित्र सांगणाऱ्या मार्काच्या शुभवर्तमानापासून आरंभ करावा, असे माझे मत आहे. त्याचे सोळा अध्याय आहेत, घटना भराभर घडतात, आणि रोज दहा-बारा वचने घेतली तर सुमारे दोन महिन्यांत ते पूर्ण होते. त्यानंतर ‘नीतिसूत्रे’ हे पुस्तक घेता येईल. त्याचे 31 अध्याय असल्यामुळे महिन्याच्या तारखेप्रमाणे त्या त्या अध्यायातील दोन-चार वचने वाचण्याची सोय होते. वाचणारा रोज बदलावा. जोडाक्षरे अडखळत वाचणाऱ्या मुलालाही पाळी द्यावी आणि वाचताना मध्येच दुरुस्त करू नये.

मात्र घरातील प्रार्थनेचा खरा खजिना बायबलमधील स्तोत्रसंहितेत आहे, आणि येथे थोडे थांबून विचार केला पाहिजे. अनेकांना सर्वांसमक्ष प्रार्थना करण्याचा संकोच वाटतो. पाळकसाहेबांसारखे शब्द आपल्याला सुचत नाहीत, या भीतीने ती माणसे घरातही गप्प राहतात, आणि मग वर्षानुवर्षे एकच व्यक्ती सर्वांच्या वतीने बोलत राहते. यावर उपाय म्हणजे आधी उसने शब्द घ्यावेत. शिष्यांनीही प्रभूला, आम्हांला प्रार्थना करायला शिकवा, अशीच विनंती केली होती, आणि प्रभूने त्यांना शब्द दिले. आरंभीच्या मंडळीतील, म्हणजे ख्रिस्ती समाजातील, ‘दिदखे’ या ग्रंथात ती प्रार्थना दिवसातून तीनदा म्हणावी असे सांगितले आहे. स्तोत्रे ही अशीच दिलेली प्रार्थना आहे. 150 स्तोत्रांत मनाची एकही अवस्था वगळलेली नाही. प्रवासाला निघताना 121 वे स्तोत्र, पश्चात्तापासाठी 51 वे, कृतज्ञतेसाठी 103 वे, भीती वाटत असेल तर 23 वे घ्यावे. ज्या दिवशी कोणालाच वेळ नसेल, त्या दिवशी केवळ दोन वचनांचे 117 वे स्तोत्र म्हणावे. महिन्यातून एक स्तोत्र सर्वांनी मिळून पाठ करावे. पाठ केलेले शब्द रुग्णालयाच्या बाकावर, परीक्षेच्या वर्गात, म्हातारपणी दृष्टी मंदावल्यावर आपोआप ओठांवर येतात. काही दिवस असे गेले की संकोची माणूसही स्तोत्राच्या शेवटी स्वतःचे एक वाक्य जोडू लागतो, आणि तेवढे पुरेसे आहे.

त्या वाक्याची भाषा घरातलीच असावी. जे मूल आईशी साध्या बोलीत बोलते, त्याने देवाशी बोलताना एकदम ग्रांथिक भाषा वापरावी असा आग्रह धरू नये. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये अनेक वर्षे खपून हिब्रू व ग्रीक मुळांवरून बायबलचे मराठी भाषांतर केले, ते साध्यासुध्या लोकांना, विशेषतः अल्पशिक्षित स्त्रियांना कळावे याच तळमळीने. 1922 मध्ये त्यांचे निधन झाले आणि 1924 मध्ये ते संपूर्ण बायबल प्रसिद्ध झाले. ज्यांच्यासाठी एवढे कष्ट झाले, त्यांच्या घरांत प्रार्थनेच्या भाषेमुळे कोणी मागे राहू नये.

गाण्याच्या बाबतीत मराठी ख्रिस्ती कुटुंबे भाग्यवान आहेत. कवी नारायण वामन टिळक यांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतल्यानंतर अभंग, भजन अशा आपल्याच रूपांत ख्रिस्तभक्ती गाइली, आणि त्यांची कितीतरी पदे ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहातून आजही मंडळ्यांत म्हटली जातात. रोज एक कडवे पुरे. पेटी किंवा टाळ असतील तर उत्तम. नसतील तर टाळ्यांनीही ताल धरता येतो. मोबाइलवर गीत लावून सर्वांनी नुसते ऐकत बसण्यापेक्षा बेसूर का होईना, स्वतः गावे.

कॅथलिक घरांत क्रम बराचसा परंपरेने ठरलेला असतो. वसईत आणि गोव्यात सकाळ, दुपार व संध्याकाळच्या घंटेबरोबर म्हटली जाणारी देवदूताच्या निरोपाची प्रार्थना आणि रात्रीची रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, यांनी पिढ्यानपिढ्या घरे बांधून ठेवली आहेत. आज पूर्ण रोझरी रोज शक्य होत नसेल, तर ती सोडून देण्याऐवजी पाचांपैकी एकच रहस्य, म्हणजे येशू व मरिया यांच्या जीवनातील एक प्रसंग, घ्यावे, त्या घटनेविषयी शुभवर्तमानातील दोन वचने आधी वाचावीत आणि घाई न करता म्हणावे. ऑक्टोबर महिन्यात, जो रोझरीचा महिना मानला जातो, शेजारच्या कुटुंबांबरोबर पूर्ण रोझरी म्हणण्याची जुनी रीत अवश्य पाळावी.

ठरलेल्या वेळेबाहेरही दिवसभर लहान लहान प्रार्थना पेरता येतात. जेवणापूर्वीचे आभार पाठ केलेले असले तरी त्यात ज्यांनी स्वयंपाक केला त्यांचे नाव घ्यावे. मूल शाळेला निघताना उंबरठ्यावर त्याच्या डोक्यावर हात ठेवून एका वाक्यात आशीर्वाद द्यावा. मोठी झालेली मुले लाजतात, पण नको म्हणत नाहीत. लोकलच्या गर्दीत किंवा बसच्या रांगेत पुस्तक उघडणे शक्य नसते, तेथे पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स मंडळ्यांनी शतकानुशतके जपलेली छोटी प्रार्थना उपयोगी पडते: प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर. श्वासाच्या लयीत ती मनातल्या मनात म्हणता येते.

रात्रीसाठी संत इग्नेशियस लोयोला यांनी शिकवलेली आत्मपरीक्षणाची पद्धत कुटुंबालाही मानवते, आणि ती केवळ कॅथलिकांनीच वापरावी असे मुळीच नाही. आजच्या दिवसाबद्दल आभार मानावेत, दिवस सकाळपासून पुन्हा नजरेखालून घालावा, जेथे चुकले तेथे क्षमा मागावी आणि उद्यासाठी कृपा मागावी. मुलांना एवढेच विचारावे: आज देव कोठे जवळ वाटला, आणि आज कोणाला दुखावले? उत्तर आले नाही तर ओढून काढू नये. आईवडिलांनी स्वतःचे उत्तर आधी द्यावे.

भांडण झालेल्या संध्याकाळी

याच ठिकाणी बहुतेक कुटुंबांची प्रार्थना अडते. नवराबायकोत शब्दाला शब्द लागलेला असतो, मुलगा दार आपटून खोलीत गेलेला असतो, आणि प्रार्थनेची वेळ होते. अशा वेळी काहीच घडले नसल्यासारखे गीत म्हणणे हे मुलांच्या डोळ्यांसमोर प्रार्थनेची किंमत कमी करणे आहे. भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे असे वेदीपाशी आठवले तर अर्पण तेथेच ठेवून आधी समेट करावा, असे प्रभूने मत्तयाच्या पाचव्या अध्यायात स्पष्ट सांगितले आहे. आणि पेत्राने पतींना बजावले आहे की पत्नीला मान द्या, म्हणजे तुमच्या प्रार्थनांत अडथळा येणार नाही. म्हणून त्या दिवशी प्रार्थना दोन वाक्यांची असावी, पण खरी असावी. ज्याचा आवाज चढला त्याने नाव घेऊन क्षमा मागावी, मग ती मुलाची का मागावी लागेना, आणि नंतर सर्वांनी प्रभूची प्रार्थना म्हणताना ऋण्यांना सोडण्याच्या ओळीपाशी क्षणभर थांबावे. समेट लगेच होण्यासारखा नसेल तर तसे देवाला सांगावे. दुसऱ्याला टोमणा मारण्यासाठी प्रार्थनेचा वापर मात्र कधीही करू नये; ‘प्रभू, याला अभ्यासाची बुद्धी दे’ हे वाक्य मुलाला अचूक कळते, आणि ते देवाला उद्देशून नाही हेही त्याला कळते.

उत्तर मिळत नाही तेव्हा

घरात कोणी गंभीर आजारी असते, नोकरी जाते, लग्न ठरत नाही, आणि महिनोन्महिने केलेली विनंती जशीच्या तशी राहते. अशा काळात मुलांना खोटी आश्वासने देऊ नयेत. आजी नक्की बरी होईल, असे देवाच्या नावाने वचन देण्याचा अधिकार आपल्याला नाही. ती बरी व्हावी म्हणून मनापासून मागावे, मंडळीच्या वडीलजनांना किंवा फादरांना बोलावून तिच्यासाठी प्रार्थना करवून घ्यावी, डॉक्टरांचे उपचार पूर्ण करावेत, आणि जे होईल त्यात प्रभू आपल्याबरोबर राहील हे सांगावे, कारण ते वचन त्याने खरोखर दिले आहे. प्रेषित पौलाने शरीरातील काट्यासाठी, म्हणजे सतत छळणाऱ्या एका दुःखासाठी, तीनदा विनवणी केली, आणि काटा निघाला नाही, कृपा मिळाली. प्रभूने स्वतः गेथशेमाने बागेत दुःखाचा प्याला टळावा म्हणून प्रार्थना केली. विलापाची स्तोत्रे अशा दिवसांसाठीच आहेत: 13 वे स्तोत्र ‘कोठवर?’ असे विचारते, आणि 88 वे तर अंधारातच संपते, तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. रडत, तक्रार करत म्हटलेली प्रार्थनाही देव स्वीकारतो, हे मुलांनी घरातच पाहिलेले बरे.

एक साधी वही ठेवावी. डाव्या पानावर तारीख व विनंती, उजव्या पानावर पुढे काय झाले ते. तीत फक्त घरच्यांची नावे नकोत. शेजारी, शाळेतील शिपाई, पाण्याअभावी अडचणीत आलेले गाव यांनाही जागा असावी. घरकामाला येणाऱ्या बाईंच्या मुलासाठी प्रार्थना केली, तर त्याच्या शुल्काची चौकशीही आपोआप होते. वर्षअखेरीस, शक्य तर नाताळाच्या आठवड्यात, ती वही सर्वांनी मिळून वाचावी. मंडळीच्या वर्षाचाही असाच उपयोग करावा: नाताळापूर्वीच्या आगमनकाळाच्या चार रविवारी एकेक मेणबत्ती वाढवत न्यावी, उपवासकाळात एक जेवण साधे ठेवून वाचलेले पैसे गरजूंना द्यावेत.

आईवडिलांची स्वतःची, दार लावून केलेली प्रार्थना नसेल, तर कौटुंबिक प्रार्थनेत फार काळ प्राण राहत नाही. ती पहाटेची असो वा मुले झोपल्यानंतरची, तिच्यासाठी घरात एक खुर्ची, एक कोपरा ठरवून ठेवावा आणि त्या वेळी फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा. किशोरवयीन मुलांना सक्तीने बसवण्याबाबत मतभेद आहेत. माझ्या मते त्यांना उपस्थित राहण्यास सांगावे, बोलण्यास भाग पाडू नये, आणि त्यांच्या शंका प्रार्थनेत नव्हे तर फिरायला जाताना ऐकाव्यात.

काही घरांत प्रार्थना करणारी व्यक्ती एकटीच असते, कारण जोडीदार दुसऱ्या धर्माचा असतो किंवा त्याला यात रस नसतो. अशा व्यक्तीने पौलाचा तरुण सहकारी तीमथ्य याचे घर आठवावे. त्याचे वडील ग्रीक होते, आणि पौल ज्या निष्कपट विश्वासाचा उल्लेख करतो तो आधी आजी लोईस व आई युनीके यांच्या ठायी होता. तिथे मोठी उपासना झाली असेल असे वाटत नाही. जोडीदाराच्या श्रद्धेचा आदर राखून, त्याला न लपवता आणि त्याच्यावर न लादता, मुलांबरोबर झोपण्यापूर्वी एक स्तोत्र म्हणावे, आणि जेवणाच्या आभारांत जोडीदाराचे नाव प्रेमाने घ्यावे. शिक्षणासाठी पुण्याला किंवा परदेशी गेलेल्या मुलांशी रविवारच्या फोनवर शेवटचे एक मिनिट प्रार्थनेसाठी राखावे. त्यात उपदेश नको, त्यांच्या आठवड्यातील एक खरी अडचण विचारावी, ती देवापुढे मांडावी आणि पुढच्या रविवारी तिचे काय झाले ते आठवणीने विचारावे.