आर्किटेक्चरचा इतिहास शिकायचाय? मग भाडेपावत्या वाचायची तयारी ठेवा

बी.आर्क.च्या तिसऱ्या-चौथ्या वर्षातली मुलं हल्ली बऱ्याचदा विचारतात की मॅडम आम्हाला डिझाईनपेक्षा हिस्टरीत जास्त इंटरेस्ट आहे, यात पुढे काही करता येतं का, की घरच्यांचं ऐकून गप इंटिरियरच्या ऑफिसात चिकटावं. करता येतं. मी कन्झर्वेशनच्या, म्हणजे जुन्या इमारती जपण्याचं काम करणाऱ्या ऑफिसात काम करते आणि आठवड्यातून एक दिवस शिकवते, त्यामुळे दोन्हीकडचं बघून लिहितेय. उदाहरणं मुंबईचीच देणार, कारण तीच मला आतून माहीत आहेत.

कॉलेजात हिस्टरी कशी शिकवतात ते तुम्हाला ठाऊकच आहे. ग्रीक खांब, रोमन कमान, गॉथिक, मग आपली देवळं, शेवटी कॉर्बुझिए आणि चंदीगड, सगळ्याची स्केचेस काढायची आणि परीक्षेत ओतायची. ते करा, मार्क लागतातच. पण त्यातून इमारत बघायची सवय लागते ती फक्त एलेव्हेशन, म्हणजे समोरचा दर्शनी भाग बघायची. कमान टोकदार आहे म्हणजे गॉथिक, कोपरा गोल आहे म्हणजे आर्ट डेको, झालं, शिक्का मारला. या विषयात पुढे जायचं असेल तर वेगळे प्रश्न विचारायला लागतात. पैसा कोणाचा होता, राहणार कोण होतं, कुठल्या नियमामुळे हा आकार आला, आणि नंतर राहणाऱ्यांनी त्याचं काय केलं. मी तरी कुठलीही साईट हातात आली की आधी हेच बघते, स्टाईल नंतर.

आता मरीन ड्राईव्ह घ्या. तिथल्या आर्ट डेको इमारतींना हायकोर्ट-युनिव्हर्सिटीच्या गॉथिक इमारतींसोबत २०१८ मधे युनेस्कोचा वर्ल्ड हेरिटेज दर्जा मिळाला, आता तिथे वॉक असतात, रील्स असतात, सगळं छान आहे. पण त्या इमारती ज्या जमिनीवर उभ्या आहेत ती बॅकबे नावाच्या समुद्राच्या भागात घातलेल्या भरावाची जमीन, आणि तो भराव ज्या खात्याने घातला ते बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट, १९२० मधे गव्हर्नर जॉर्ज लॉइडच्या काळात सुरू झालेलं. बीडीडी! म्हणजे वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडीच्या बीडीडी चाळी ज्या खात्याच्या नावाने ओळखल्या जातात तेच हे खातं. समुद्र बुजवून श्रीमंतांसाठी प्लॉट तयार करायचे आणि गिरणी कामगारांसाठी खोल्या बांधायच्या, दोन्ही कामं एकाच खात्याकडे होती. साहित्यही एकच, तेव्हा नवीन असलेलं आरसीसी, म्हणजे सळया घातलेलं काँक्रीट. एकीकडे त्याच्या गोलाकार बाल्कन्या झाल्या आणि दुसरीकडे १६० स्क्वेअर फुटाच्या खोल्या.

चाळींसाठीच्या पैशाचा एक भाग कापसाच्या दर गाठीवर एक रुपया कर लावून उभा केला होता. ५० हजार खोल्यांचं टार्गेट होतं, झाल्या साधारण १६ हजार. २०७ इमारती, तळमजला अधिक तीन, एका मजल्यावर २० खोल्या. आणि गंमत (गंमत कसली म्हणा) म्हणजे सुरुवातीला त्यातल्या बऱ्याच खोल्या रिकाम्याच पडून होत्या, कारण भाडं कामगाराला परवडणारं नव्हतं आणि उजेड-हवा-पाण्याच्या नावाने बोंब. बॅकबेच्या कामातल्या उधळपट्टीवर खुर्शेद नरिमन यांनी रान उठवलं, तेच नरिमन ज्यांच्या नावाने आज नरिमन पॉईंट आहे. हे सगळं कळल्यावर मरीन ड्राईव्हची गोल बाल्कनी तुम्हाला पहिल्यासारखी दिसत नाही, आणि माझ्या मते तिथून पुढे हा विषय खरा सुरू होतो.

नियमांचं पण तसंच. १८९६ मधे मुंबईतल्या मांडवीला प्लेग निघाला, तो पहिल्यांदा ओळखला डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी, मूळचे गोव्याचे, मेट्रो सिनेमाजवळ त्यांचा पुतळा आहे, कधी गेलात तर बघा, कोणी बघत नाही. प्लेगनंतर १८९८ मधे शहर सुधारायला बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट (बीआयटी) आला आणि त्याने गर्दीच्या वस्त्या पाडून रस्ते काढले. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड, आणि आज ज्याला मोहम्मद अली रोड म्हणतो तो सिडनहॅम रोड. ट्रस्टच्या इंजिनियर लोकांना कोंदट हवा आणि अंधाराची धास्ती बसलेली, त्यातून आला ६३.५ अंशांचा नियम. म्हणजे खोलीला उजेड मिळायला समोरची इमारत मधल्या मोकळ्या जागेच्या साधारण दुपटीहून उंच नको. दादर-माटुंग्याच्या जुन्या तीनमजली बिल्डिंगी आणि त्यांच्या मधल्या गल्ल्यांचं टेपने माप घेऊन बघा, हे प्रमाण हाताला लागतं. आर्किटेक्टच्या प्रतिभेपेक्षा तिथे प्लेगची भीती जास्त दिसते.

जवळच्या काळातलं हवं असेल तर नव्वदच्या दशकापासूनच्या मुंबईतल्या टॉवर्सचे फ्लॉवरबेड आठवा. प्रत्येक खिडकीबाहेर रुंदच्या रुंद कट्टा, त्यात एकही फूल नाही. ते एफएसआयमधे, म्हणजे प्लॉटवर किती बांधता येईल त्या हिशोबात मोजत नव्हते म्हणून बिल्डर काढायचे आणि पझेशन मिळालं की ते खोलीत घ्यायचे. २०१२ मधे नियम बदलून ते मोजायला लागले, बदल्यात फंजिबल एफएसआय, म्हणजे वाढीव बांधकामाची मुभा आली, आणि नवीन बिल्डिंगीतून फ्लॉवरबेड गायब. पन्नास वर्षांनी कोणी तरी यावर 'उष्ण हवामानाला दिलेला प्रतिसाद' असा पेपर लिहू नये एवढीच इच्छा.

आणि भाडं! १९४७ च्या रेंट अॅक्टने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधली. भाडेकरू टिकला हे खरं, नाहीतर गिरगाव-परळात मराठी माणूस उरलाच नसता, पण मालकाने दुरुस्ती बंद केली, पागडी (खोली घेताना हातात द्यायची मोठी रक्कम) आली, चाळींचे जिने टेकूवर आले, मग सरकारने सेस (दुरुस्तीसाठीचा उपकर) लावून दुरुस्ती मंडळ काढलं. चाळीच्या गॅलरीला लोखंडी टेकू दिसला की तो स्ट्रक्चरचा प्रश्न असतो तसाच कायद्याचाही असतो. क्लायंटला रिपोर्ट देताना हे लिहावंच लागतं, नुसतं 'लाकूड वाळवीने खाल्लंय' लिहून भागत नाही.

कामाची पद्धत सांगते आता. डिझर्टेशनला (प्रबंधाला) विषय घेताना एक इमारत घ्या, फार तर एक गल्ली. 'महाराष्ट्रातील वाडा संस्कृती' असले विषय घेऊ नका, गाईड हो म्हणतील पण तुम्ही बुडाल. मग ती इमारत मोजा. लेझर मीटर असला तरी साधा टेप न्या, जुन्या भिंती सरळ नसतात आणि दर फुटाला बदलतात. बीडीडीच्या एका खोलीत मोजायला गेलो होतो तेव्हा कागदावरच्या नकाशात होता एक चौकोन, एक दार, एक खिडकी. प्रत्यक्षात दारातून आत गेल्यावर डावीकडे मोरी, तिच्यावर पाण्याचा पिंप, पिंपावर फळी टाकून भांडी, मधे प्लायवूडचं पार्टिशन, त्यापलीकडे ओटा, वर लोखंडी अँगलवर पोटमाळा आणि माळ्यावर चढायला शिडी, तिच्या पायऱ्यांना कपडे वाळत घातलेले. कॉटखाली ओढून काढायची दुसरी गादी. दरवाजाबाहेर पॅसेजमधे चपलांचं कपाट आणि सायकल. हे सगळं ड्रॉईंगमधे यायला पाहिजे, गादीसकट. बीडीडीत खोल्या मधल्या पॅसेजच्या दोन्ही बाजूंना आहेत, गिरगावसारखी बाहेरची गॅलरी नाही, त्यामुळे घराचा पसारा अंधाऱ्या पॅसेजमधे येतो आणि तिथेच बायका लसूण सोलत बसतात. वरळीत आता जुन्या इमारती पाडून टॉवर उभे राहिलेत, लोकांना ५०० स्क्वेअर फुटाचे फ्लॅट मिळायला लागलेत आणि मिळायलाच पाहिजेत, शंभर वर्षं झाली त्या खोल्यांना. पण ज्यांना मोजायचंय त्यांनी आता मोजा, पुढच्या वर्षी बघू म्हणू नका.

मोजता मोजता बोलायचं. प्रश्नावली घेऊन बसलात तर लोक शाळेतल्यासारखी उत्तरं देतात. त्यापेक्षा हातात टेपचं एक टोक द्या, म्हणजे काका आपोआप सांगायला लागतात की हा माळा कधी टाकला, कोणाच्या लग्नाच्या वेळी पार्टिशन केलं. मग हळूच विचारा, जुन्या भाडेपावत्या आहेत का. कपाटातून प्लॅस्टिकची पिशवी निघते, त्यात आजोबांच्या नावाच्या पावत्या, रेशनकार्ड, मिलचा पास. पावतीवर नाव, खोली नंबर, रक्कम, तारीख, कधी कधी नाव बदललेलं असतं, म्हणजे खोली दुसऱ्याकडे गेली. फोटो काढायच्या आधी विचारा आणि जागेचा वाद कोर्टात असेल तर तो कागद छापू नका.

असं बोलूनच कळतं की पुस्तकात नसलेले प्रकार किती आहेत. गिरणगावात कोकणातल्या एकेका गावाची खोली असायची, गावकीची, त्यात गावाहून आलेले गडी एकत्र राहायचे, पाळीनुसार झोपायचे, जेवायला खानावळ, भिंतीलगत ट्रंका, वर गावदेवाचा फोटो. धोबीतलाव-माझगावकडे गोव्याच्या ख्रिस्ती लोकांचे कुड आहेत, तेही गावागणिक, बोटीवर जाणाऱ्या खलाशांना उतरायला, तिथेही ट्रंका आणि देव, फक्त देव वेगळा. दोन्हीकडे आर्किटेक्टचा संबंध शून्य, खोली आयती घेतलेली, पण वापराचे नियम इतके पक्के की प्लॅन बघून कळावेत. माझं स्पष्ट मत आहे की अशा एका खोलीचं नीट डॉक्युमेंटेशन हे राजाबाई टॉवरच्या शंभराव्या स्केचपेक्षा जास्त उपयोगाचं आहे. परळच्या बीआयटी (त्याच इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या) चाळीत बाबासाहेब आंबेडकर वीसेक वर्षं राहिले, तिथे बसून त्यांनी काय काय काम केलं आणि मग दादरला राजगृह बांधताना पुस्तकांसाठी जागा कशी केली, हा तर प्लॅनमधूनच वाचण्यासारखा विषय आहे, घ्या कोणी तरी.

जुन्या सरकारी कागदांसाठी काळाघोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं राज्य पुराभिलेखागार. कॉलेजचं पत्र न्या, पेन्सिल न्या, आणि पहिल्या दिवशी काही हाताला लागलं नाही तर वैतागू नका. इंडेक्समधे इमारतीचं नाव शोधू नका, खात्याचं नाव आणि वर्ष शोधा. सिटी सर्व्हेच्या ऑफिसातून प्रॉपर्टी कार्ड काढा, जमीन कोणाकडून कोणाकडे गेली ते त्यात दिसतं. पुण्याच्या वाड्यांवर, इनामांवर काम करायचं असेल तर मोडीला पर्याय नाही. पुराभिलेख संचालनालयाचे मोडीचे वर्ग होतात, सुट्टीत करून टाका. इथे आपल्या मराठी मिडियमच्या मुलांचा चक्क फायदा आहे, इंग्रजी फाडफाड बोलणारी मंडळी मोडीच्या कागदापुढे गप्प बसलेली मी पाहिलीत.

मास्टर्स करायचं तर अहमदाबादचं सेप्ट, दिल्ली आणि भोपाळचं एसपीए (स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर) इथे कन्झर्वेशन आहे, थिअरी-हिस्टरीकडे जाणारे कोर्सही शोधले की सापडतात. पण बी.आर्क. झाल्या झाल्या पळू नका, दोन वर्षं साईटवर काढा, चुना कसा मळतात, सागाचं लाकूड कुठून कुजतं, कंत्राटदार कसा फसवतो हे कळल्याशिवाय थिअरी हवेत राहते. नोकऱ्या म्हणाल तर कन्झर्वेशन ऑफिसं, इंटॅक (वारसा जपणारी संस्था), राज्याचं पुरातत्त्व खातं, म्युझियम, आणि शिकवणं. हेरिटेज इम्पॅक्टचे रिपोर्ट, इमारतींच्या याद्या, पुनर्विकासाच्या आधीचं डॉक्युमेंटेशन, यातून बाहेरची कामंही मिळतात. पगार इंटिरियरवाल्या मित्रांपेक्षा कमी असणार, पहिली काही वर्षं तर बराच कमी, हे घरी आत्ताच सांगून ठेवा म्हणजे दिवाळीला बोलणी कमी बसतील. आणि फ्रीलान्स रिपोर्ट घेतलात तर निम्मे पैसे सर्व्हेला जायच्या आधी घ्या, ड्रॉईंगची बदल करता येणारी कॅड फाईल शेवटचा हप्ता आल्यावरच पाठवा, तोवर पीडीएफ.