पेनड्राइव्हवर ४ जीबीहून मोठी फाइल कशी न्यावी
यवतमाळकडच्या खेड्यांत लग्नाचे चित्रीकरण पेनड्राइव्हवर मागितले जाते आणि १० जीबी जागा मोकळी असूनही ५ जीबीची फाइल त्यावर उतरत नाही, तेव्हा पेनड्राइव्हची फाइली साठवण्याची मांडणी (फाइल सिस्टीम) बहुधा फॅट३२ असते. तीत फाइलचा आकार ३२ बिटांत नोंदला जात असल्याने एका फाइलला मर्यादा ४,२९,४९,६७,२९५ बाइटांची, म्हणजे ४ जीबीला एक बाइट कमी, पडते. प्रथम आतील सर्व फाइली संगणकावर उतरवून घ्याव्यात, कारण फॉरमॅट करताना त्या पुसल्या जातात. मग एक्सफॅट ही मोठ्या फाइली चालणारी मांडणी निवडून फॉरमॅट करावे. घरचा जुना टीव्ही एक्सफॅट वाचत नसल्यास पेनड्राइव्ह फॅट३२च ठेवून चित्रीकरणाचेच हळद आणि लग्न असे दोन भाग करावेत.