शेततळ्याचं घनफळ आणि मधला छेद

सिव्हिलच्या डिप्लोमाला असताना प्रिझमॉइडल फॉर्म्युला (वरचं, मधलं आणि तळाचं क्षेत्रफळ घेऊन घनफळ काढायचं सूत्र) मी परीक्षेपुरता पाठ केला होता. पहिल्या नोकरीत शेततळ्याच्या खोदकामाची क्वांटिटी काढायची वेळ आली आणि तिथेच चुकले. तळं वर ३० बाय ३० मीटर, खोली ३ मीटर, बाजूंचा उतार १:१, म्हणजे तळाशी २४ बाय २४. मी ९०० आणि ५७६ यांची सरासरी काढून तिला ३ ने गुणलं. आले २,२१४ घनमीटर. साहेबांनी कागद परत देत विचारलं, "दीड मीटर खाली तळं किती रुंद आहे?"

२७ मीटर. त्याचा वर्ग ७२९, आणि मी धरले होते ७३८. सूत्रात मधलं क्षेत्रफळ चार वेळा मोजतात: ३/६ × (९०० + ४ × ७२९ + ५७६) = २,१९६. कधीच न निघणारी १८ घनमीटर माती मी हिशेबात धरली होती. तेव्हा नव्याने शिकणाऱ्यांनो, आधी बाजूंची सरासरी घ्या, मगच क्षेत्रफळ काढा.

ज्या घनाकृतीचे सगळे शिरोबिंदू दोन समांतर प्रतलांत बसतात, ती प्रिझमॅटॉइड. चिती (प्रिझम), सूची (पिरॅमिड), पाचर, वरून कापलेली सूची ही सगळी एकाच घरातली, आणि सूत्रही सगळ्यांना एकच. सूचीवर लावून बघा: वरचं क्षेत्रफळ शून्य, मधलं पायाच्या पाव, म्हणून घनफळ पाया गुणिले उंचीचा एक तृतीयांश. शाळेत नुसतं मान्य केलेलं ते 'एक तृतीयांश' हाताला लागलं, तेव्हा मला फार आनंद झाला होता.

याच घरातलं अँटिप्रिझम (दोन सारखे बहुभुज, एक थोडा फिरवलेला, मधे त्रिकोणांचा पट्टा) मात्र कागदावर कळत नाही, कार्डशीटचं करा. दोन सारखे समभुज त्रिकोण समोरासमोर धरा, वरचा ६० अंश फिरवा, मधली जागा सहा तशाच त्रिकोणांनी भरा. झाला अष्टफलक. आता प्रत्येक तिरप्या कडेचा मध्य पेन्सिलने टिंबून टिंबं जोडा. षट्कोन येतो, आणि त्याचं क्षेत्रफळ टोकाच्या त्रिकोणाच्या दीडपट! इथे टोकांची सरासरी धरली तर घनफळ पाव भागाने कमी येतं. तळ्यात ते जास्त आलं होतं.

सरावाला मॉस्को पपायरस या जुन्या गणिती हस्तलिखितातलं १४ वं उदाहरण घ्या. प्राचीन इजिप्तमधली कापलेली चौरस सूची: पायाची बाजू ४, माथ्याची २, उंची ६. लेखनिकाने उत्तर ५६ लिहिलंय. आपल्या सूत्रात ६/६ उडून जातं आणि उरतं १६ + ३६ + ४.