मसुद्यावर हरकत कशी लिहावी: नौपाड्यातल्या नऊ खाटांचा हिशेब

मी डॉक्टर नाही, डॉक्टरांची बायको. ठाण्यात, नौपाड्यात आमचं नऊ खाटांचं नर्सिंग होम आहे. हे ऑपरेशनं करतात. फायर एनओसी, बायोमेडिकल कचऱ्याच्या पावत्या, नोंदणीचं नूतनीकरण ही बाळंतपणं माझ्याकडे. शासनानं दवाखान्यात किती शिरावं याबद्दलचं माझं मत आधीच सांगते, म्हणजे नंतर कुणाला फसल्यासारखं वाटायला नको: जितकं कमी तितकं बरं. नर्सिंग होमच्या नियमांत बदल करायचा असला की शासन आधी मसुदा छापतं आणि त्यावर हरकती मागवतं. पण माझं हे मत हरकतीच्या अर्जात लिहिलं तर त्याचा काडीचा उपयोग होत नाही. माझा पहिला अर्ज चार पानांचा होता. ‘हे आरोग्यसेवेचं सरकारीकरण आहे’ इथपासून सुरुवात. यांनी वाचला आणि म्हणाले, “अगं, हे भाषण झालं. यातलं कुठलं वाक्य त्यांनी बदलायचं?”

तेव्हापासून मी असं करते.

ग्रुपवर फिरणारा फॉरवर्ड वाचायचाच नाही. मूळ मसुदा महाराष्ट्र शासन राजपत्रात असतो. राज्याच्या कायद्याखालचे नियम भाग चार-ब मध्ये. तो उतरवून घ्या, छापा, आणि वर तीन गोष्टी लाल पेनानं लिहा: प्रसिद्धीची तारीख, हरकती कधीपर्यंत, आणि कुणाकडे. दिवस राजपत्राच्या तारखेपासून मोजतात, तुम्हाला कळलं तेव्हापासून नाही. शिवाय हरकत त्या तारखेआधी तिकडे पोचायला हवी, नुसती पोस्टात पडून चालत नाही. नर्सिंग होमच्या कायद्याची प्रत (महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम, १९४९) आणि २०२१ चे सुधारित नियम शेजारी ठेवा. मसुद्यात पुष्कळदा ‘नियम अमुकऐवजी पुढील नियम दाखल करण्यात येईल’ एवढंच असतं. जुनं समोर नसेल तर काय बदललं ते कळत नाही.

आता वाचन. इथे घाई करू नका, संध्याकाळ घालवा. मी हायलायटर घेऊन फक्त काही शब्द शोधते. ‘आवश्यक वाटल्यास’. ‘योग्य वाटेल अशा’. ‘वेळोवेळी विनिर्दिष्ट करील त्याप्रमाणे’. ‘सक्षम प्राधिकारी किंवा त्याने प्राधिकृत केलेली कोणतीही व्यक्ती’. सत्ता मोठ्या घोषणांत नसते, ती या शब्दांत दबा धरून बसलेली असते. नंतर क्रियापदं. माझ्यासाठी ‘करील’ आणि अधिकाऱ्यासाठी ‘करू शकेल’, असं दिसलं की थांबा. समजा लिहिलंय, ‘अर्जदार ३० दिवसांत त्रुटींची पूर्तता करील’ आणि खाली, ‘प्राधिकारी प्रमाणपत्र देऊ शकेल’. म्हणजे मला मुदत आणि त्यांना मोकळीक. हरकत लिहायची ती इथे: ‘देऊ शकेल’ऐवजी ‘पूर्ततेपासून अमुक दिवसांत देईल, अन्यथा प्रमाणपत्र दिल्याचे मानण्यात येईल’. इंग्रजी मसुदाही सोबत असेल तर ते वाक्य तिकडे कसं आहे ते बघा.

मग पुढचा प्रश्न: हे करायचा अधिकार मूळ कायद्यातल्या कोणत्या कलमानं दिला? नियम कायद्यापेक्षा लांब जाऊ शकत नाही. २१ मे २०२० ची अधिसूचना आठवत असेल. खासगी रुग्णालयांतल्या ८० टक्के खाटांचे दर शासनानं ठरवून दिले होते. साथीत मी त्याबद्दल कुरकुर केली नाही, तो काळच तसा होता. पण त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं सांगितलं की कोविड नसलेल्या रुग्णांचे दर ठरवण्याचा अधिकार शासनाला नाही. ‘आम्हाला परवडत नाही’पेक्षा ‘कोणत्या कायद्यानं?’ हा प्रश्न फार पुढे जातो.

परवडण्याचं गाऱ्हाणं मांडायचंच तर आकड्यांत मांडा. एक उदाहरण करून दाखवते. समजा मसुदा म्हणतो, प्रत्येक पाळीत एक नर्स जास्त ठेवा. वाचणाऱ्याला वाटतं, एक नर्स, त्यात काय एवढं! आठवड्याचे तास १६८. एक माणूस ४८ तास काम करतं, म्हणजे साडेतीन माणसं. रजा, आजारपण, गावची जत्रा धरली की चार. महिना २० हजार धरले तर ८० हजार झाले. आमच्या नऊ खाटांपैकी सरासरी निम्म्या भरतात, म्हणजे महिन्याला सुमारे १३५ खाट-दिवस. भागाकार करा: भरलेल्या खाटेमागे रोज साधारण ५९० रुपये. हे पैसे शासन देणार नाही, डॉक्टरही खिशातून देणार नाहीत. ते हर्नियासाठी आलेल्या रिक्षावाल्याच्या बिलात जाणार. हे गणित अर्धं पान घेतं आणि आमच्या चार पानी भाषणापेक्षा जड असतं. स्वतःचे आकडे घाला, माझे उचलू नका.

प्रत्येक हरकत अशी मांडते, एका नियमाला एक परिच्छेद:

‘मसुदा नियम क्र. __, पोटनियम __. हरकत: १५ खाटांखालील शुश्रूषागृहांस ही अट खाटांच्या प्रमाणात नाही, हिशेब सोबत जोडला आहे. सुचवलेला मजकूर: “परंतु, १५ पेक्षा कमी खाटा असलेल्या शुश्रूषागृहांस हा पोटनियम लागू होणार नाही.”’

तो ‘परंतु’ महत्त्वाचा. कायद्याच्या भाषेत सूट ‘परंतु’नं सुरू होते, तुम्ही तयार वाक्य दिलंत तर खात्यात तुमच्या हरकतीवर टिप्पणी लिहिणाऱ्याचं काम हलकं होतं. राजस्थानात २०२३ च्या आरोग्य हक्क कायद्यावर डॉक्टर रस्त्यावर उतरले, आणि ४ एप्रिलच्या समझोत्यात ५० खाटांखालची खासगी रुग्णालयं वगळायचं ठरलं. ते संपानं मिळालं, अर्जानं नाही, हे खरं. तरी मागणी बघा: आकडा आहे, रेघ आहे.

मान्य असेल ते मान्य म्हणा. दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायची अट २०२१ च्या नियमांत आली तेव्हा आमच्या बैठकीत केवढा आरडाओरडा झाला होता. आम्ही लावलं. काउंटरवरची भांडणं कमीच झाली. माझा विरोध फलकाला नाही. वाटेल तेव्हा आत येऊन वाटेल ते मागणाऱ्याला आहे. आणि सरकारी रुग्णालयांच्या दुरवस्थेची कात्रणं जोडू नका. मोह होतो, मलाही होतो. पण ‘आधी तुमचं बघा’ हे भांडणातलं उत्तर आहे, त्याला नियम क्रमांक नसतो.

शंभर जणांनी एकच छापील पत्र पाठवायची टूम निघते, तीही टाळा. एकाच मजकुराच्या शंभर पत्रांवर एकच शेरा पडतो. दहा जणांनी आपापल्या हिशेबानिशी लिहिलं तर दहा शेरे लिहावे लागतात.

द्यायचं कसं? मसुद्यातल्या पत्त्यावर ईमेल करा, आणि कागदही द्या. सार्वजनिक आरोग्य विभाग मंत्रालयाच्या मुख्य इमारतीत नाही, जी. टी. रुग्णालयाच्या संकुलात दहाव्या मजल्यावर आहे. ठाण्याहून फास्ट लोकलनं सीएसएमटी आणि पुढे चालत. दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घ्या. शिक्का पुसट उमटला तर लाजू नका, पुन्हा मारून मागा. जाता येत नसेल तर पोचपावतीसह स्पीड पोस्ट. जुनं रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये त्यातच विलीन झालंय.

ही सगळी धावपळ मुदतीच्या आतच करायची, कारण मूळ कायद्यात नियमांना पूर्वप्रसिद्धीची, म्हणजे आधी मसुदा छापायची, अट असेल तर १९०४ च्या जनरल क्लॉजेस कायद्याप्रमाणे वेळेत आलेल्या हरकतींचा विचार शासनाला करावाच लागतो. अंतिम नियम राजपत्रात छापून आले की मात्र ते रीतसर झाले असंच धरलं जातं.

अंतिम नियम आले की माहिती अधिकाराचा अर्ज टाका. फी १० रुपये, विषय एकच, मजकूर १५० शब्दांत. महाराष्ट्राचा नियम तसा आहे. ‘माझी हरकत का नाकारली’ असं विचारू नका. ‘का’ला उत्तर न देण्याची पळवाट असते. कागद मागा: ‘आवक क्र. __ च्या हरकतीवरील टिप्पणी व निर्णयाची प्रत, तसेच प्राप्त हरकतींचा गोषवारा.’ ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. प्रतीला पानामागे २ रुपये पडतात. माझ्या एका हरकतीवर तीन शब्दांचा शेरा मिळाला होता, ‘मान्य करता येत नाही’. दुसरीवर मात्र पाऊण पान टिप्पणी होती, आणि त्यात माझं नर्सच्या पाळ्यांचं गणित जसंच्या तसं उतरवलेलं होतं.