संगणक एकदम बंद पडले तर: लष्करी धर्तीचा आराखडा कसा बांधावा

वर्षाचे शेवटचे दोनच आकडे साठवणारे संगणक २०००ला १९०० समजतील, या ‘वाय-टू-के’ अडचणीच्या तयारीत अमेरिकी संरक्षण खात्याने हजारो प्रणाली तपासून दुरुस्त केल्या होत्या. तरीही ३१ डिसेंबर १९९९ला ग्रिनिचच्या घड्याळात मध्यरात्र झाली आणि टेहळणी उपग्रहांची माहिती हाताळणारी जमिनीवरची एक यंत्रणा कोलमडली. उपग्रह ठणठणीत होते, पण त्यांनी पाठवलेलं काही तास वाचताच येईना. पुढचे काही दिवस कामही अर्धवटच चाललं. कारण निघालं ते दुरुस्तीसाठी घातलेल्या पॅचमध्येच, म्हणजे सॉफ्टवेअरच्या ठिगळात. म्हणून आराखडा बांधताना मूळ यंत्रणेइतकाच संशय पर्यायी व्यवस्थेवर घ्यावा. लष्करातली ही पद्धत रुग्णालय, जलशुद्धीकरण केंद्र, जिल्ह्याचा नियंत्रण कक्ष अशा ठिकाणीही चालते.

सुरुवात यादीपासून. यादी यंत्रांची नको, कामांची करा. ‘सर्व्हर क्रमांक ३’ असं न लिहिता ‘क्लोरिनचं प्रमाण ठरवणं’, ‘रुग्णवाहिका पाठवणं’ असं लिहा. प्रत्येक कामापुढे चार रकाने आखा: किती वेळ थांबलं तर चालेल, कशावर अवलंबून आहे, हाताने कसं करायचं आणि ते हाताने करता येणाऱ्या दोघांची नावं. चौथा रकाना भरताना बहुतेकांची गाडी अडते. एकच नाव असेल तर तो माणूस नेमका रजेवर असतो.

बिघाड दोन प्रकारचे धरा. यंत्रणा बंद पडली तर निदान कळतं. चालू राहून खोटं दाखवू लागली तर कळत नाही, आणि धोका त्यातच जास्त. ९ नोव्हेंबर १९७९ला अमेरिका आणि कॅनडाच्या नोराड या संयुक्त हवाई संरक्षण केंद्रात सरावाची माहिती चालू यंत्रणेत शिरली आणि पडद्यावर क्षेपणास्त्रांचा मोठा हल्ला दिसू लागला. रडार आणि उपग्रहांकडे थेट चौकशी केल्यावर काहीच नसल्याचं स्पष्ट झालं. पुढच्या जूनमध्ये ४६ सेंटची एक चिप बिघडून तसाच घोळ झाला. वाय-टू-केमुळेही असा खोटा इशारा येईल या धास्तीने १९९९च्या अखेरीस कोलोरॅडोतल्या पीटरसन तळावर रशियन आणि अमेरिकी अधिकारी शेजारी शेजारी बसवले होते. आपल्या आराखड्यात प्रत्येक गंभीर इशाऱ्यासाठी दुसरा, स्वतंत्र पुरावा ठरवून ठेवा. टाकीची पातळी पडद्यावर शून्य दिसली तर पंप सुरू करण्याआधी माणूस टाकीवर जाऊन पाहील, एवढं साधं.

आता वाईटात वाईट गृहीत धरा: वीज, मोबाइल, इंटरनेट आणि पुरवठादार, सगळं एकाच वेळी ७२ तास बंद. १२५ केव्हीएचा जनरेटर पाऊण भारावर तासाला साधारण २० लिटर डिझेल पितो. ७२ तासांना १,४४० लिटर. ‘पंपावरून आणू’ यावर विसंबू नका, पेट्रोलपंपालाही वीज लागते. साठ्यावरच्या मर्यादा आधी तपासा, आणि जुनं डिझेल वापरून बदलत राहा. जनरेटर ऐनवेळी चालू होत नाही तो बहुतेकदा स्टार्टरच्या बॅटरीमुळे. म्हणून महिन्यातून एकदा तो खऱ्या भारावर अर्धा तास चालवा. नुसता गुरगुरवून काही कळत नाही.

संपर्कासाठी फोननंबर कागदावर छापून भिंतीला लावा. वॉकीटॉकी रिपीटरशिवाय (आवाज पुढे पोहोचवणाऱ्या मधल्या केंद्राशिवाय), थेट बोलून तपासा: दाट इमारतींत ५ वॉटच्या संचाचा पल्ला एक-दोन किलोमीटरवर आटपतो. त्यापलीकडे मोटारसायकलवरचा निरोप्या आणि ठरलेली वेळ, उदाहरणार्थ दर दोन तासांनी.

मग सराव. नुसती टेबलावरची चर्चा पुरत नाही. एका शिफ्टला खरोखर नेटवर्कची वायर काढा. मात्र रुग्ण किंवा पाणी धोक्यात येणार नाही असा विभाग निवडा आणि थांबवण्याचा अधिकार एका माणसाकडे ठेवा. मध्येच बंद पाकिटातून नवी अडचण द्या: ‘मुख्य अभियंता पोहोचू शकत नाही’. पहिला हातलिखित आदेश निघायला किती मिनिटं लागली ते घड्याळ लावून नोंदवा.

मुख्य आणि राखीव यंत्रणेवर एकच अपडेट एकाच दिवशी कधीही घालू नये. १९ जुलै २०२४ला क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बसले; दोन्हीकडे तेच सॉफ्टवेअर असलेल्यांचा पर्यायही सोबतच गेला. तारखांच्या बाबतीत १९ जानेवारी २०३८ आताच वहीत लिहून ठेवा. त्या दिवशी भारतीय वेळेनुसार सकाळी ८:४४:०७नंतर ३२ बिटांच्या जागेत सेकंद मोजणारी जुनी यंत्रं, ती जागा भरल्यामुळे, १९०१ सालात जातील. पंप आणि मीटरमधले छोटे नियंत्रक यात सापडतात, आणि ते कुणाच्याच यादीत नसतात.

संगणक परत सुरू झाल्यावर नवा गोंधळ होतो, याचीही तजवीज हवी. प्रत्येक कागदी अर्जावर आधीच छापलेला अनुक्रमांक असू द्या आणि कार्बनने दोन प्रती काढा. एकाने नोंद चढवायची, दुसऱ्याने ताडायची, आणि चढवलेल्या कागदावर लगेच लाल शिक्का मारायचा. नाहीतर तीच नोंद दोनदा चढते.