काम थांबतं पण डोक्यातून जात नाही? संध्याकाळी दप्तर असं मिटवा

"सहा वाजले की लॅपटॉप बंद करा, फोन बाजूला ठेवा, घरच्यांना वेळ द्या." हा सल्ला मी कितीतरी ठिकाणी वाचला, मनापासून पाळूनही पाहिला. लॅपटॉप बंद व्हायचा, काम चालूच राहायचं. भाकरी थापताना कुणाचं तरी चलान आठवायचं, मुलाचा गृहपाठ घेताना कुणाची तरी बिलं.

मी धुळ्यात, देवपुरात, घराच्याच पुढच्या खोलीत करसल्लागार म्हणून काम करते. किराणावाले, कापसाचे आडते, ट्रान्सपोर्टवाले अशा माझ्या पार्ट्या. ७ला टीडीएस, म्हणजे आधीच कापून घेतलेला आयकर भरणं, हे पूर्वीपासून होतंच. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला आणि महिन्याला तारखांचे आणखी खिळे ठोकले गेले: ११ला विक्रीचं रिटर्न, २०ला थ्री-बी, म्हणजे महिन्याचा गोषवारा देऊन कर भरायचं रिटर्न. ऑफिस आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये एक दार आहे आणि त्या दाराचा मला काही उपयोग नव्हता. एका रात्री सासूबाई त्यांच्या गुडघ्याबद्दल डॉक्टर काय म्हणाले ते सांगत होत्या. मी दोनदा "हो" म्हणाले. त्या थांबल्या, ताट थोडं पुढे सरकवलं आणि अहिराणीत म्हणाल्या, "तू आठे बठेल शे माय, पन तुनं मन हापिसमा शे." तू इथे बसली आहेस, पण तुझं मन ऑफिसात आहे. रागाने म्हणाल्या नव्हत्या, म्हणून जास्त लागलं. त्यानंतर दीड-दोन वर्षं चुकत-माकत जे बसवलं, ते सांगते. नोकरी करणाऱ्यालाही हेच लागू पडेल, दुकान चालवणाऱ्यालाही.

गजर लावा, पण काम थांबवायच्या अर्धा तास आधीचा. मी साडेसहाला थांबते, गजर सहाला वाजतो. सहानंतर नवी फाइल उघडायची नाही, "पाच मिनिटांचं आहे" असलं तरी नाही.

टेबल आवरा. फाइली कपाटात, टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा बॅकअप, कप मोरीत. यावर जास्त सांगण्यासारखं काही नाही.

अर्धवट कामं वहीत उतरवा. सगळी गोम इथे आहे, आणि इथेच मी सर्वांत जास्त चुकले.

आधी मी काय करायचे? उरलेल्या कामांची यादी. एका पानावर सत्तावीस ओळी: "अमक्याचं रिटर्न बाकी", "तमक्याचं बँक जुळवणं बाकी". लोक सांगतात ना, डोक्यातलं कागदावर काढा, हलकं वाटेल. मला उलट झालं. ती यादी पाहून छातीत धडधड वाढली आणि रात्री तीच डोळ्यांपुढे नाचायला लागली. कारण "बाकी" या शब्दात काम कुठून उचलायचं आणि कधी, यातलं काहीच नसतं. मन ते पुन्हा पुन्हा समोर आणून टाकतं.

यामागे अभ्यास आहे. ब्लूमा झायगार्निक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९२७ साली अर्धवट राहिलेली कामं मनात कशी रेंगाळतात यावरचे प्रयोग मांडले. आठवणीबद्दलच्या त्यांच्या निष्कर्षांवर पुढे वाद झाले, पण अपुरं काम मनाला टोचत राहतं हे आपण रोज अनुभवतो. मला खरी कामाला आली ती २०११ची गोष्ट. मासिकॅम्पो आणि बाउमायस्टर या दोन संशोधकांना दिसलं की अपुऱ्या कामाचा नेमका बेत ठरवला, तर काम पूर्ण न करताही त्याचे विचार मध्ये मध्ये लुडबुडायचे थांबतात. म्हणजे काम संपवावं लागत नाही. ते कधी आणि कसं उचलणार, हे ठरवावं लागतं.

म्हणून आता माझ्या वहीत ओळ अशी असते: "किराणा – टू-बीत नाशिकच्या पुरवठादाराची ४ बिलं नाहीत. उद्या १०.१५, पार्टीला फोन, पुरवठादाराने रिटर्न भरलं का विचारायचं." (टू-बी म्हणजे पुरवठादारांनी दाखवलेल्या आपल्या खरेदीच्या बिलांची जीएसटीची यादी; इनपुट म्हणजे त्या खरेदीवरच्या कराची वजावट.) बघा, यात "इनपुटचा घोळ सोडवणे" असं काही नाही. एक फोन आहे, वेळ आहे, विचारायचा प्रश्न आहे. पहिली कृती इतकी लहान हवी की सकाळी विचार न करता हात तिकडे जावा. ओळीत "बघणे", "करणे", "संपवणे" असे शब्द आले की मी ती खोडून पुन्हा लिहिते.

दुसऱ्याकडे अडकलेली कामं वेगळी लिहा. कुणी बँकेचं स्टेटमेंट पाठवलं नाही, तर ते पाठवणं आपल्या हातात नाही. आपल्या हातात फक्त पुन्हा मागणं आहे. ते कधी मागणार ते लिहा: "गुरुवार ११ वाजता आठवण." तोपर्यंत त्या कामाची काळजी करायची नाही.

सर्वांत अवघड म्हणजे भीती. मागे एका पार्टीला विक्रीचं रिटर्न आणि थ्री-बी यांतल्या फरकाची नोटीस आली होती. चूक माझ्या हातून झाली असेल का, या एका विचाराने मी चार रात्री नीट झोपले नाही. ती गोष्ट मी वहीत लिहायचंच टाळत होते. लिहिली तर खरी होईल असं वाटायचं. असं करू नका. जी ओळ लिहायला हात कचरतो, ती पानावर सगळ्यांत वर लिहा. मी शेवटी लिहिलं: "उत्तराची मुदत अमुक तारीख. उद्या १२ वाजता दोन्ही रिटर्नं महिन्यावार छापून शेजारी शेजारी ठेवायची." त्या रात्री झोप लागली. फरक एका क्रेडिट नोटचा, म्हणजे विक्रीतून वजा केलेल्या रकमेच्या कागदाचा, निघाला, पण ते नंतर कळलं. झोप आधीच लागली होती.

एवढं करूनही पहिले दहा-बारा दिवस मला काही फरक पडेना. का, ते कळायला वेळ लागला. मी संध्याकाळी वही लिहायचे आणि सकाळी बसले की आधी व्हॉट्सॲप उघडायचे. जो पहिला ओरडेल त्याचं काम हातात घ्यायचे, वही तशीच मिटलेली. मग मनाने तिच्यावर भरवसा का ठेवावा? ज्याला आपण निरोप देतो तो निरोप पोचवत नसेल, तर आपण दुसऱ्यांदा त्याच्या हाती निरोप देतो का? सकाळी पहिली वीस मिनिटं फक्त वहीतली कामं, असं सलग दोन आठवडे केलं, तेव्हा कुठे संध्याकाळी डोकं रिकामं व्हायला लागलं. ही गोष्ट मला कुणीच सांगितली नव्हती आणि माझ्या मते सगळं तिच्यावरच उभं आहे. सकाळ पाळणार नसाल तर संध्याकाळी वहीला हातही लावू नका.

आणि ही वही मोबाइलमध्ये नको. मोबाइल उघडला की वर तीन मेसेज दिसतात आणि चौथं काम तयार होतं. साधी दोनशे पानी वही घ्या.

कामाचा नंबर बंद करा. वेगळं सिम असू द्या. पार्ट्यांना एकदाच स्पष्ट कळवा: साडेसहानंतरचे मेसेज सकाळी दहाला पाहिले जातील, ७, ११ आणि २० तारखेला रात्री नऊपर्यंत फोन चालू. ओटीपी लागणारी कामं पाचच्या आत उरका, नाहीतर तो ओटीपीच तुम्हाला रात्री फोन करायला लावतो. दोन पार्ट्या माझ्या या नियमामुळे गेल्या. बाकीच्यांनी महिनाभरात सवय करून घेतली. फ्रान्समध्ये २०१७पासून कामाच्या वेळेनंतर संपर्कात न राहण्याच्या हक्काचा कायदा आहे. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी २०१८ साली लोकसभेत तसं खासगी विधेयक मांडलं होतं. पण असे कायदे नोकरदारांसाठी. स्वतःचा धंदा करणाऱ्याला हा कायदा स्वतःच करावा लागतो, आणि एकदा "तुमच्यासाठी म्हणून" मोडला की दुसऱ्या दिवशी सगळ्यांसाठी मोडतो.

मधली दहा मिनिटं. "संध्याकाळी फिरायला जा" हे सांगणं सोपं आहे. साडेसहाला माझी दुसरी पाळी सुरू होते आणि घराघरातल्या बायकांची तीच गत आहे. म्हणून मी दहाच मिनिटं मागितली, पण ती ठामपणे मागितली. खुर्चीवरून उठून थेट स्वयंपाकाच्या ओट्याशी जायचं नाही, हे घरात बसून ठरवलं. त्या वेळी चहा नवरा ठेवतो. मी हातपाय धुते, कपडे बदलते आणि बाहेरच्या ओट्यावर पाणी मारते. उन्हाळ्यात धुळ्यातला पारा ४२-४३च्या पुढे जातो. साडेसहालाही फरशी पायाला चटकते. त्यावर पाणी पडलं की आधी वाफ येते, मग दगड गार पडल्याचा वास येतो. तोवर सासूबाई पाट घेऊन बाहेर आलेल्या असतात. शेजारच्या आक्का येतात. कुणाच्या कळण्याच्या भाकरीत किती उडीद, कुणाच्या शेतात केळी पडली, हे बोलणं सुरू होतं. तुम्ही झाडांना पाणी घाला, देवाजवळ दिवा लावा, पांझरेच्या काठाने जरा चालून या, काहीही करा. फक्त ते रोज तेच असू द्या आणि त्यात शरीर हलू द्या. ओट्यावर बसून मोबाइल पाहिला तर ती दहा मिनिटं मोजू नका.

१९ आणि २० तारखेला यातलं बरंच कोलमडतं. दप्तर मिटायला रात्रीचे दहा होतात. तेव्हा ओट्यावरची दहा मिनिटं राहून जातात, पण वही चुकत नाही. तीन ओळी लिहिते, त्यावर वेळ घालते, मगच दिवा बंद करते.

रात्री जेवताना काही आठवलंच, तर फ्रिजवर लावलेल्या चिठ्ठीवर दोन शब्द लिहा आणि सकाळी ते वहीत घ्या. वही आत आणू नका. एकदा मी ती उशाशी घेऊन झोपले आणि रात्री दोनला उठून तिच्यात भर घातली. तेव्हापासून ती पुढच्या खोलीत कीबोर्डवरच उघडी ठेवते, म्हणजे सकाळी ती उचलल्याशिवाय बोटं टाइप करायला पोचतच नाहीत.