‘द ओल्ड मॅन अँड द सी’ वाचताना या चुका टाळा

पुस्तक जेमतेम शंभर-सव्वाशे पानांचं, भाषा सोपी, आणि गोष्ट तर एका दमात सांगता येते: सांतियागो नावाचा एक म्हातारा कोळी, एक प्रचंड मासा, मग शार्क. म्हणूनच अर्नेस्ट हेमिंग्वेची ही कादंबरी लोक एका बैठकीत उरकतात आणि हाती भलतंच काही घेऊन उठतात. मी ती बऱ्याचदा वाचली आहे, इतरांसोबत बसूनही वाचली आहे. वाचणारे अडखळतात ते ठरावीक जागीच.

सांतियागोच्या हातात जाळं देऊ नका

कोळी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे जाळं येतं. पु. ल. देशपांडे यांच्या मराठी अनुवादाचं नाव ‘एका कोळियाने’. ते ऐकताच शाळेतली कविता आठवते, पडून पडून पुन्हा वर चढणारा तो कोळी आठवतो. नाव सुरेखच आहे, पण कवितेतल्या कोळ्याचं जाळं सांतियागोकडे नाही. फेकजाळं होतं, ते केव्हाच विकलं गेलंय. तो गळाने मासेमारी करतो.

८४ दिवस एकही मासा मिळालेला नसतो; ८५व्या दिवशी तो चार दोऱ्या सोडतो: ४०, ७५, १०० आणि १२५ वाव खोल. वाव म्हणजे पसरलेल्या दोन हातांएवढं अंतर, साधारण सहा फूट. मासा लागतो तो शंभर वावांवर, म्हणजे सहाशे फूट खाली. होडीला इंजिन नाही, दोरी गुंडाळायला चाक नाही. मग दोरी होडीला बांधून का टाकत नाही? कारण बांधली तर एका हिसक्यात तुटेल. माशाने ओढ घेतली की थोडी सोडायची, नाहीतर ताणून धरायची, आणि हे काम म्हाताऱ्याची पाठ करते. दोरी खांद्यावरून पाठीवर घेऊन तो दोन रात्री काढतो. ही एवढी गोष्ट नीट कळली नाही, तर मधली साठ-सत्तर पानं ‘काहीच घडत नाही’ अशी वाटणारच.

मासे ओळखण्यात गफलत

मोठा मासा मार्लिन आहे, तलवारीसारख्या लांब टोकाचा. मराठी सारांशांत त्याचा सर्रास ‘देवमासा’ होतो. देवमासा म्हणजे व्हेल, त्याचा इथे संबंध नाही.

दुसरी गफलत जास्त त्रास देते. सांतियागो ‘डॉल्फिन’ पकडतो, कापतो आणि कच्चा खातो. इथे कितीतरी वाचक थबकतात. हा आपल्या ओळखीचा, उड्या मारणारा सस्तन डॉल्फिन नव्हे. हा डोराडो, सोनेरी-हिरवट रंगाचा मासा. त्याच्या पोटात दोन उडते मासे सापडतात, तेही तो कामी आणतो. मीठ आणि लिंबं आणली नाहीत याची त्याला चुटपुट लागते. खरे सस्तन जीव पुस्तकात वेगळे आहेत. रात्री होडीजवळ दोन येतात, त्यांचे श्वास ऐकू येतात, आणि म्हातारा त्यांना आपले भाऊ म्हणतो. दोन्ही एकच समजलात तर हा माणूस भावाला कापून खाणारा ठरेल.

सुरुवातीची पानं चाळून पुढे जाऊ नका

समुद्रात जाण्याआधीचा झोपडीतला प्रसंग बहुतेक जण भरभर उलटतात. माझ्या मते सगळ्या पुस्तकाची किल्ली तिथे आहे. म्हाताऱ्याकडे मासेमारी शिकलेला पोरगा मानोलिन विचारतो, जेवायला काय आहे? म्हातारा म्हणतो, पिवळा भात आणि मासे, तू घेतोस का थोडं? पोरगा म्हणतो, नको, मी घरी जेवेन. मग तो विचारतो, फेकजाळं नेऊ का? ने की, म्हातारा म्हणतो.

भात नाही, मासे नाहीत, जाळंही नाही. दोघांनाही ठाऊक आहे, आणि रोज हेच बोलणं होतं. घरात दाणा नसताना ‘आमचं जेवण झालंय’ म्हणणारी माणसं आपण पाहिलेली आहेत, त्यामुळे हा प्रसंग मराठी वाचकाला समजावून सांगावा लागू नये. पोरगा वाद घालत नाही. तो जातो आणि डब्यातून काळे घेवडे, भात आणि तळलेली केळी घेऊन येतो. लेखनाबद्दल बोलताना हेमिंग्वेने हिमनगाचं उदाहरण दिलं होतं: एक अष्टमांश पाण्यावर, बाकीचा खाली. तो खालचा भाग कसा असतो, हे इथे दिसतं.

एकच वाक्य कापून भिंतीवर लावणं

माणूस नष्ट होऊ शकतो, पण हरू शकत नाही. हे वाक्य निरोप समारंभांत, पोस्टरवर, मोटिव्हेशनच्या व्हिडिओत सगळीकडे भेटतं. ते येतं कुठे ते बघा. पहिला शार्क मारल्यावर, सगळं वाईट अजून पुढे असताना म्हातारा ते स्वतःशी बोलतो. आणि लगेच त्याच्या मनात येतं की मासा मारल्याचं आपल्याला वाईट वाटतंय.

त्यानंतर हार्पून गेलेलं असतं, सुरी मोडते, सोटा जातो, सुकाणूचा दांडा तुटतो. शेवटी त्याला कळून चुकतं की आपण हरलो, आणि आता इलाज नाही. पोराला तो तसं स्पष्ट सांगतोही. पोरगा म्हणतो, त्या माशाने नाही हरवलं तुला. म्हातारा म्हणतो, नाही, ते नंतर झालं. मी फार लांब गेलो, एवढंच कारण तो स्वतःला देतो. पुस्तकातला हा कबुलीचा प्रामाणिकपणा मला त्या वाक्याहून मोठा वाटतो. पोस्टरने तो झाकून टाकलाय.

प्रतीकांची यादी आधी, पुस्तक नंतर

गाइडमध्ये शार्क म्हणजे अमुक, समुद्र म्हणजे तमुक असं छापलेलं असतं. सप्टेंबर १९५२ मध्ये कलासमीक्षक बर्नार्ड बेरेन्सन यांना लिहिलेल्या पत्रात हेमिंग्वेने साफ म्हटलं: यात प्रतीकं नाहीत, समुद्र हा समुद्र आहे, म्हातारा म्हातारा आहे, शार्क शार्कच आहेत. लेखकाचा शब्द शेवटचा मानलाच पाहिजे असं नाही, पण निदान क्रम तरी पाळा. आधी दोरी कोणत्या हातात आहे ते बघा.

समुद्राचं मात्र एक नक्की लक्षात ठेवा. सांतियागो त्याला ‘ला मार’ म्हणतो, स्त्रीलिंगी. मोटारबोटी घेतलेली तरुण पोरं ‘एल मार’ म्हणतात, पुल्लिंगी, जणू प्रतिस्पर्धीच. मराठीत समुद्र, सागर, दर्या सगळे पुल्लिंगी. त्यामुळे आपल्या भाषेत वाचताना ही माया नकळत निसटते. ती मनात धरून वाचावं लागतं.

लेखकाच्या आयुष्याबद्दलचे गैरसमज

हेमिंग्वेच्या ‘पिलार’ बोटीवरचा सोबती ग्रेगोरिओ फुएंतेस म्हणजेच सांतियागो, असं पर्यटकांना सांगितलं जातं. गोष्टीचं बीज त्याहून वेगळं आणि लेखी आहे. एप्रिल १९३६ च्या ‘एस्क्वायर’ मासिकात हेमिंग्वेने एका म्हाताऱ्या क्यूबन कोळ्याची हकीकत लिहिली. मार्लिनने त्याला खोल समुद्रात ओढत नेलं, शार्कनी मासा खाल्ला, आणि इतर कोळ्यांना तो सापडला तेव्हा होडीत रडत होता. उरलेला मासा निम्म्याहून कमी, तरी ८०० पौंडांचा. पुढची सोळा वर्षं ती हकीकत लेखकाजवळ राहिली.

कादंबरी १ सप्टेंबर १९५२ च्या ‘लाइफ’ मासिकात संपूर्ण छापून आली आणि दोन दिवसांत ५० लाखांहून अधिक प्रती खपल्या. पुलित्झर १९५३ चं, नोबेल १९५४ चं. उत्तरं लिहिताना यांची अदलाबदल नेहमी होते. १९५४ मध्येच आफ्रिकेत लागोपाठ दोन विमान अपघातांत जबर जखमी झाल्याने हेमिंग्वे नोबेल घ्यायला स्टॉकहोमला गेला नाही. पदक त्याने क्यूबातल्या एल कोब्रेच्या मातेला, म्हणजे तिथल्या मेरीमातेला वाहिलं. त्याच मातेची तसबीर सांतियागोच्या झोपडीत आहे, आणि मासा मिळाला तर तिच्या यात्रेला जाईन असा नवस तो होडीत बोलतो.

आणि एक चूक मला मनापासून खटकते. २ जुलै १९६१ ला हेमिंग्वेने आयुष्य संपवलं; मग ‘न हरण्याच्या गोष्टी सांगणारा स्वतःच हरला’ असं लिहिलं जातं. त्याच्या वडिलांनीही १९२८ मध्ये आत्महत्या केली होती. अपघातांत त्याच्या डोक्याला मार बसला होता. शेवटच्या काळात तीव्र नैराश्यासाठी त्याला विजेचे झटके दिले गेले. आजाराला पराभव म्हणू नका.

मधेच पुस्तक सुटत असेल तर

शेजारी कागद ठेवा आणि तीनच नोंदी करा: दोरी कुठे आहे, डाव्या हाताची अवस्था काय, आणि म्हाताऱ्याने शेवटचं काय खाल्लं. दहा पानांत तुम्ही होडीत बसलेले असाल.

शेवटचं पानही हळू वाचा. पर्यटक बाईला मार्लिनचा उरलेला सांगाडा शार्कचा वाटतो, आणि वेटरचं सांगणं अर्धवटच राहतं. त्याआधी मात्र, म्हातारा झोपलेला असताना, एक कोळी पँट दुमडून पाण्यात उतरलेला असतो आणि सांगाडा दोरीने मोजत असतो. नाकापासून शेपटीपर्यंत अठरा फूट, तो ओरडून सांगतो. पोरगा म्हणतो, खरं आहे. आणि म्हाताऱ्यासाठी गरम कॉफी आणायला जातो.